अंजीर निजवायचा दिवस

नायदेनच्या परसातलं अंजीर उन्हाळा त्याच्याकडे काढायचं आणि हिवाळा त्याच्या भावाकडे. गावात ह्याचं कुणाला नवल वाटत नसे. डॅन्यूबच्या काठी असा काही गारठा पडतो की उघड्यावरच्या अंजिराचं जानेवारीत सरपण होतं. म्हणून ज्यांना ह्या दक्षिणेकडच्या झाडाची हौस, ते पानगळ झाली की त्याला जमिनीवर आडवं करतात, मक्याच्या ताटांनी झाकतात आणि वर माती ओढतात. अंजीर निजवलं, असं म्हणतात. मार्चअखेर माती काढली की झाड पुन्हा उभं. एकच पथ्य. रोपटं असताना ज्या कुशीवर निजलं, त्याच कुशीवर ते जन्मभर निजतं. दुसरीकडे वाकवायला जाल तर बुंध्यापाशी मोडून हातात येईल. नायदेनचं अंजीर पूर्वेला निजायचं, पूर्वेला कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे त्याचा थोरला भाऊ पर्वान राहायचा.

अंजीर आधीचं, कुंपण मागाहूनचं. दोघांची आई त्सोना एका लग्नाला दक्षिणेत गेली होती, तिथून ओल्या रुमालात गुंडाळून तिनं ही फांदी आणली. आगगाडीत सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. तिनं परसाच्या मधोमध फांदी लावली आणि तिचं झाड झाल्यावर शरदात दोन्ही पोरांना हाक मारली. झाड वाकवायचं, दोरीनं आवळायचं आणि माती पडेपर्यंत उसळू नये म्हणून त्यावर वजन हवं. वजन म्हणून तिनं पोरांनाच झाडावर झोपवलं. पर्वान शेंड्याकडे, नायदेन बुंध्याकडे. स्वतः फावडं घेऊन मक्याच्या ताटांवर माती ओढायची आणि म्हणायची, "हसू नका रे मेल्यांनो, झाड हलतं." मग तर हसू आवरायचंच नाही.

पोरं मोठी झाली, लग्नं झाली, परसाचे दोन वाटे झाले. अंजीर नायदेनच्या वाट्याला आलं, त्याची निजायची जागा पर्वानच्या. तेव्हा त्यात काही अडचण नव्हती, कारण कुंपण गुडघ्याएवढं होतं आणि भाऊ एका ताटात जेवत होते. कुंपण पुरुषभर उंच झालं ते आई गेल्यावर.

आई शेवटी पर्वानकडे होती. नायदेन कालव्यावरच्या पंपघरात कामाला. आयुष्यभर त्यानं तेच केलं, ठरल्या वेळी पाणी सोडायचं, ठरल्या वेळी बंद करायचं. वेळेआधी सोडलं तर रोपं कुजतात, वेळेनंतर सोडलं तर जळतात, ह्यापलीकडे जगाबद्दल त्याचं फारसं म्हणणं नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून आईचा श्वास बदलला होता. पर्वानला वाटलं, झोप लागलीय. सांजेला नायदेन घरी आला तेव्हा आईच्या उशाशी मेणबत्ती लावलेली होती.

"बोलावलं का नाहीस?" नायदेननं विचारलं.

"मला वाटलं, झोपलीय."

"पंपघर काय लंडनला आहे? पोराला सायकलवर पाठवलं असतंस तरी आलो असतो."

चूक आपली असली की पर्वान चिडायचा. चिडून तो म्हणाला, "आला कधी होतास, की आज आला असतास?" हे खोटं होतं, आणि तो बोलला ते आईच्या उशाशी. दोघांनी अबोला धरला. महिनाभरात नायदेननं कुंपणाच्या नव्या फळ्या आणल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ह्या दोघांचा सुंभही शाबूत होता आणि पीळही.

पण अंजीर? आईचं अंजीर मरू द्यायची छाती दोघांचीही नव्हती. त्या पहिल्या शरदात, पानं गळून गेल्यावर, एका सकाळी नायदेन परसात आला तर अंजिरासमोरच्या कुंपणाच्या दोन फळ्या काढलेल्या. पलीकडे खड्डा खणलेला आणि पर्वान मक्याच्या ताटांचे भारे घेऊन उभा. नायदेननं फावडं उचललं. तेव्हापासून तो रिवाजच पडला. शरदात फळ्या पर्वान काढायचा, वसंतात झाड उभं झालं की नायदेन त्या परत ठोकायचा. खिळेसुद्धा तेच. मारून काढून त्यांची भोकं एवढी सैल झाली होती की पोरानं ओढली असती तरी फळी निघाली असती.

आता काम दोघांचं आणि अबोला पक्का, तर बोलायचं कसं? ते अंजिराशी बोलायचे.

"ए अंजिरा," नायदेन म्हणायचा, "त्या बाजूच्याला सांग, नुसता टेकून काय उभा राहिलाय? झोप म्हणावं वर. एवढं पोट वाढवलंय ते कशासाठी?"

"अंजिरा," पर्वान झाडावर आडवा होत म्हणायचा, "ह्या बाजूच्याला सांग, पोट माझ्या बायकोच्या हातचं आहे. ज्याच्या घरी सूप पातळ, त्यानं जळू नये."

पर्वान भारी म्हणून तो वजन, नायदेन चपळ म्हणून त्याच्याकडे माती. दोघांच्या बायका, नायदेनची पेना आणि पर्वानची दोच्का, कुंपणापाशी एकमेकींना लोणच्याच्या बरण्या देत हा तमाशा बघायच्या. त्या दोघींचं कधी बिनसलं नव्हतं. वर्षातून त्या एका सकाळी दोन्ही घरांत जरा हलकं वाटायचं. माती सारखी झाली की पर्वान उठून कपडे झटकायचा, अंजिराला "नीट नीज" म्हणायचा आणि घरात जायचा. ते 'नीट नीज' कुणाला होतं, ह्याचा विचार नायदेननं कधी केला नाही.

ह्या वर्षी ऑक्टोबर लागला तरी ऊन मऊ होतं. पेना कोबी चिरून पिंपात घालण्याच्या नादात, नायदेन टोमॅटोचे वेल उपटून काठ्या बांधत होता. हिरवे टोमॅटो लोणच्याला, डेलियाचे कंद अजून जमिनीत, कारण पाला थंडीनं काळा पडल्याशिवाय कंद काढायचे नसतात. सगळं ज्याच्या त्याच्या वेळेनं चाललं होतं. काठ्यांचा भारा घेऊन तो अंजिराकडे वळला आणि थबकला. दोन फळ्या काढलेल्या होत्या.

त्यानं अंजिराकडे पाहिलं. पानं हिरवीगार, हाताच्या पंजाएवढी. फांद्यांच्या टोकाला उशिराची कडक फळं. पान तोडलं तर दुधासारखा चीक भळाभळा येईल, इतकं जागं झाड. असं झाड मातीत घातलं तर महिन्याभरात आतल्या आत सडतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि पर्वानला ठाऊक नाही?

"पेना," त्यानं हाक मारली, "इकडे ये. हा माणूस चळलाय बघ."

पेना हात पुसत आली. फळ्यांकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. "बोलावतोय तो तुला."

"अंजीर निजवायला? आत्ता? पानं बघितलीस?"

"मग जाऊन विचार."

"त्याला तोंड नाही का बोलवायला?"

"तुम्हा दोघांच्यात तोंड एकच," पेना म्हणाली, "आणि ते ह्या झाडाचं. पन्नाशीत शोभलं, साठीत खपवून घेतलं, आता सत्तरी उलटली रे. जा ना."

नायदेन गेला नाही. भोकातून पलीकडे त्यानं नुसती नजर टाकली. सरपणाच्या खोपटामागे, जिथे अंजीर निजायचं तिथे, मक्याची ताटं पसरलेली दिसली. माणूस कुणी दिसलं नाही. तेवढ्यात त्याला आठवलं, उन्हाळ्यात पर्वानची स्पेनमधली मुलगी आली होती तेव्हा परसातून मोटार आत घ्यायचं काहीतरी बोलत होती. त्याबरोबर सगळा उलगडा झाला असं त्याला वाटलं. झाड सडवायचं, जागा मोकळी करायची आणि वर म्हणायचं, निजवलं तर होतं बाबा. एकदा माणसाला पाण्यात पाहायची सवय लागली की गढूळ तळसुद्धा स्वच्छ दिसतो. नायदेननं हातोडी आणली, गवतात पडलेले जुने खिळे शोधले आणि दोन्ही फळ्या ठोकून टाकल्या.

"वेळेआधी मी काही करत नाही," तो पेनाला म्हणाला. "पानं गळू देत. मग बोलवू दे, येतो."

पाच-सहा दिवसांनी फळ्या परत निघालेल्या होत्या. खाली टाकलेल्या नव्हत्या, नीट कुंपणाला टेकवून ठेवल्या होत्या, वर खिळे एका ओळीत. त्या खिळ्यांच्या ओळीनं त्याला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं. पण पानं अजून हिरवी होती, आणि नियम म्हणजे नियम. ह्या वेळी त्यानं नवे खिळे आणले, बोटाएवढे लांब, आणि असे ठोकले की आवाज नदीपर्यंत गेला असेल. पेना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

"एक दिवस तुझ्याशी बोलायला कुणी उरणार नाही," ती म्हणाली. "मग बस पंपाशी बोलत."

फळ्या पुन्हा निघाल्या नाहीत. आपण जिंकलो असं नायदेनला दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्याची गाडी पर्वानच्या फाटकाशी आली. पेना धावत गेली आणि बराच वेळ परत आली नाही. आली तेव्हा डोक्याचा रुमाल सोडून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "पोटात आहे त्याच्या. सगळीकडे पसरलंय. दोच्कानं आज मला सांगितलं. चल, उद्याच्या बसनं जाऊ आपण शहरात."

नायदेन उठला, बूट पुसले, परत बसला. उद्याची बस यायच्या आतच बातमी आली.

फाटकावर पर्वानच्या फोटोचा मृत्यूचा कागद चिकटवला, तसाच एक नायदेनच्याही फाटकावर, कारण सख्खा भाऊ. फोटोत पर्वान कुठल्याशा लग्नात हसत होता. लोक आले, उकडलेला गहू साखर घालून वाटला गेला, पाद्र्यानं धूप फिरवला. कबरीपाशी सगळ्यांबरोबर नायदेननंही मूठभर माती टाकली आणि हात झटकला. तो रडला नाही. एवढं वैर, रडेल कशाला, असं काहींनी म्हटलं. खरं तर त्याला काही सुचतच नव्हतं. हा मनुष्य आपल्याला न सांगता गेला, ह्याचा राग त्याच्या डोक्यात घुमत होता. आईच्या वेळीही बोलावलं नाही, स्वतःच्या वेळीही नाही. भोळसटासारखा तो हेच धरून बसला, आणि त्यात खरं काय ते त्याला सांगायची पेनाची हिंमत झाली नाही.

दिमित्रोवदेनचा सण उलटला. उन्हाळा संपल्याची खूण म्हणून गावात त्या दिवशी पाहुणे बोलावतात. त्यांच्याकडे कुणाला बोलावलं नव्हतं. मग एका पहाटे कडाक्याचा गारठा पडला आणि सकाळी डेलिया काळे ठिक्कर होऊन माना टाकून उभे. नायदेननं कंद काढले, माती झटकली, पेटीत भुश्शात ठेवले. दुपारी वारा नसताना अंजिराची पानं पडायला लागली. एकेक पान जड, पडताना थप्प आवाज करायचं. दोन दिवसांत झाड उघडं झालं. वेळ झाली होती. फळ्या मात्र कुणी काढल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी नायदेननं स्वतःच पहार आणली. नवे खिळे निघता निघेनात. एक फळी तडकली. पेना फावडं घेऊन त्याच्यामागे उभी राहिली. भोकातून तो पलीकडे गेला आणि मक्याची ताटं बाजूला सारायला वाकला, की खड्डा खणायला सुरुवात करावी.

खड्डा होता.

लांबी बरोबर, शेंड्याकडे रुंद, बुंध्याकडे निमुळता. तळाशी कोरडी पानं अंथरलेली. निघालेली माती एका कडेला चाळल्यासारखी मऊ करून रचलेली, फावडं मारणाऱ्याला उजवा हात मोकळा मिळेल अशा बाजूला. ताटं त्यावर पावसापासून झाकण म्हणून घातली होती.

दोच्का खोपटापाशी आली होती. काळ्या कपड्यांत ती निम्मी झाली होती.

"हा कधी खणला त्यानं?" नायदेननं विचारलं.

"सप्टेंबर संपताना. चार फावडी मारायचा आणि त्या ओंडक्यावर बसायचा. मी म्हटलं, पोराला सांगू कुणाच्या. म्हणाला, हे कुणाला सांगायचं काम नाही."

"आजारी होता तर मला कळवलं का नाही, वहिनी?"

दोच्कानं पेनाकडे पाहिलं. पेनानं मान हलवली, सांग म्हणून.

"तो म्हणाला, मीच सांगतो, अंजीर निजवताना. समोरासमोर जमायचं नाही म्हणाला, झाडाला सांगेन, तो ऐकेल. मी म्हटलं, अरे पानं हिरवी आहेत, नायदेन येणार नाही. तर म्हणाला, येईल. आईच्या वेळी बोलवायला उशीर केला, ह्या वेळी लवकर बोलावतो."

नायदेनच्या हातातली पहार जमिनीला टेकली.

"मी खिळे ठोकले तेव्हा कुठे होता तो?"

"खाटेवर. खिडकीपाशी. पहिल्यांदा हसला. म्हणाला, ऐक ऐक, आईसारखाच हट्टी आहे. दुसऱ्यांदा फळ्या काढायला मी त्याला धरून नेलं होतं. खिळे त्यानंच मांडून ठेवले."

"आणि दुसऱ्यांदा ठोकले तेव्हा?"

"तेव्हा काही बोलला नाही."

एवढं सांगून ती झाडाकडे गेली आणि जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडायला लागली, कारण उभं राहून तरी काय करणार. तिघांनी फांद्या गोळा करून आवळल्या. नायदेननं पश्चिमेकडून बुंध्याशी फावडं घालून वरवरच्या मुळ्या तोडल्या, तसं झाड नेहमीसारखं करकरलं आणि सावकाश पूर्वेला झुकायला लागलं. त्याला वाट माहीत होती. फळ्यांच्या भोकातून शेंडा पलीकडे गेला, मग खांदे गेले. खड्ड्यापासून हातभर वर येऊन ते थांबलं आणि तसंच उसळी धरून राहिलं.

आता वजन हवं होतं.

"मी बसते वर," पेना म्हणाली.

"तू नको." नायदेननं टोपी काढून कुंपणावर ठेवली, खड्ड्यात उतरला आणि पर्वानच्या जागी, शेंड्याच्या बाजूला, झाडावर आडवा झाला. झाड हळूहळू खाली बसलं. चिकाचा हिरवा वास नाकात गेला. आईच्या फावड्याखाली तो बुंध्याकडे झोपायचा, पुढे तर माती त्याच्याकडेच आली, त्यामुळे इथून कसं दिसतं हे त्याला माहीतच नव्हतं. इथून कुंपणाचं भोक दिसत होतं, आणि भोकाच्या तोंडाशी, माती टाकणारा जिथे उभा राहतो, ती जागा. माती टाकणाऱ्याला फक्त माती दिसते. झाडावर पडलेल्याला माती टाकणाऱ्याचं तोंड दिसतं. इतकी वर्षं, दर शरदात, पर्वान इथे पडून त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"अंजिरा," नायदेन सवयीनं म्हणाला, "त्या बाजूच्याला सांग..."

पुढचं वाक्य आलं नाही. त्या बाजूला पेना फावडं धरून उभी होती आणि तिच्या मागे रिकामं परस. त्यानं गाल फांदीला टेकवला. मग म्हणाला, "दादा, तू बोलावलं होतंस. दोनदा बोलावलंस. मी आलो नाही रे दादा."

पेनानं ताटं अंथरली आणि माती ओढायला सुरुवात केली, आधी बुंध्यावर, मग मधे, आणि शेवटी त्याच्या पायांपर्यंत येऊन थांबली. दोच्कानं उरलेले भारे आणून कडेला ठेवले. अंजीर केव्हाच टेकलं होतं, आता ते उसळणार नव्हतं. नायदेन उठला नाही. त्याला उठ म्हणायला दोघींपैकी कुणी पुढे झालं नाही.